मागच्या ठरावाचं काय झालं?

ग्रामसभेला लोक येत नाहीत, ही तक्रार सरपंच करतात, सदस्य करतात, ग्रामपंचायत अधिकारीही करतात. न येणाऱ्या माणसाला त्याच्या ओट्यावर बसून विचारलं, तर तो वेगळंच सांगतो. गेल्या वर्षी सभेत उठून गटाराचं बोललो, साहेबांनी वहीत लिहून घेतलं, गटार आहे तिथंच आहे. मग एक दिवसाचा रोज बुडवून पुन्हा कशाला यायचं? गावकऱ्यांना गावाची पर्वा नाही असं मला कधीच वाटलं नाही. बोलण्याचा आणि होण्याचा संबंध तुटला की शहाणा माणूस बोलणं थांबवतो. म्हणून ग्रामसभा चांगली चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं, की पुढच्या सभेची तयारी मागच्या सभेच्या ठरावांपासून सुरू करा.

तयारीला बसताना मागच्या सभेचं प्रोसिडिंग उघडा आणि एका कागदावर साधा तक्ता काढा. ठरावाचा क्रमांक, काय ठरलं, कुणी करायचं होतं आणि आज ते कुठं आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथं 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवला, जावक क्रमांक अमुक, तारीख अमुक, शाखा अभियंत्यांची पाहणी बाकी' असं लिहा. काम झालं नसेल तर झालं नाही असंच लिहा आणि कारण द्या. हा तक्ता मोठ्या अक्षरांत सभेच्या जागी लावा आणि सभेचा पहिला विषय म्हणून वाचा. न झालेल्या कामांचं कारण सरळ ऐकायला मिळालं तर लोक समजून घेतात. कामाचा विषयच निघाला नाही, तर मात्र त्यांचा विश्वास उडतो.

आता तारखेचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या सातव्या कलमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि पुरेशा कारणाशिवाय त्या टाळल्या तर सरपंचाचं पद धोक्यात येतं. रिवाजाने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरल्या जातात. चार सभा झाल्या की कायद्याचं काम भागतं, गावाचं भागेलच असं नाही. प्रत्येक गावाचं वर्ष वेगळं असतं, ते बघून कुठला विषय कुठल्या सभेत घ्यायचा हे ठरवलं पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावात जानेवारीची सभा भरते तेव्हा अर्धं गाव कारखान्यांच्या फडांवर असतं. तिथं घरकुलाच्या यादीचा किंवा रोजगार हमीच्या कामांचा विषय जानेवारीत घेणं म्हणजे ज्यांच्यासाठी विषय आहे त्यांनाच वगळणं. हे विषय मेमध्ये, लोक परत आल्यावर घ्या, नाहीतर ऑगस्टमध्ये, टोळ्या निघण्याआधी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात सोयाबीनची काढणी चाललेली असते आणि कोकणात भात कापणीला येतं. तेव्हाची सभा सकाळी अकराला ठेवली तर शेतकरी आणि मजूर दोघंही येणार नाहीत. कोकणातल्या गावांनी गणपतीच्या दिवसांत चाकरमानी आलेले असताना एखादी अनौपचारिक बैठक घ्यावी, त्यांचे पैसे आणि कौशल्य गावाच्या उपयोगी पडतात. ग्रामसभेत मत मात्र गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्यांनाच असतं, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

झेंडावंदनानंतर लगेच सभा लावण्याची पद्धत फार आहे. शाळेच्या मैदानावर माणसं जमलेलीच असतात, तेवढ्यात उरकून घेऊ, असा हिशेब असतो. पण लोक तिथं मुलांची कवायत बघायला आलेले असतात. कार्यक्रम संपला की पांगतात आणि थांबतात ते नेहमीचे पंधरा-वीस जण. झेंडावंदन सकाळी आणि सभा दुपारी चारला असं वेगळं ठेवा. मधल्या वेळात शिपाई पुन्हा एकदा फिरून आठवण देऊ शकतो.

जागेचा प्रश्न किरकोळ समजू नका. एखाद्या मंदिराच्या सभामंडपात किंवा पुढाऱ्याच्या वाड्यासमोर सभा भरली, तर गावातली काही माणसं तिथं पाऊल टाकत नाहीत किंवा टाकली तरी तोंड उघडत नाहीत. शाळेचं पटांगण, ग्रामपंचायतीचं सभागृह, जिथं सगळ्या वस्त्यांना आपलं वाटेल अशी जागा निवडा. गट ग्रामपंचायत असेल तर सभा आळीपाळीने प्रत्येक गावात, वाडीत घ्या. वाडीवरच्या लोकांनी दर वेळी चार किलोमीटर चालत यायचं आणि मुख्य गावाने घरातून चपला घालून यायचं, यात न्याय नाही. बायकांना बसायची जागा खांबाआड, मागच्या बाजूला ठेवू नका, समोर ठेवा. माईक आदल्या दिवशी वाजवून बघा.

नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघावी लागते, विशेष सभेची चार दिवस आधी. फलकावर नोटीस चिकटवली की नियम पाळला गेला, माणसांपर्यंत ती पोचायला आणखी काही करावं लागतं. दवंडी अजून उपयोगाची आहे. घंटागाडीच्या भोंग्यावरून विषय वाचून दाखवले तर सकाळी कचरा टाकायला आलेल्या प्रत्येक घराच्या कानावर पडतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकाच, पण त्यावर विसंबू नका. म्हाताऱ्या माणसांकडे, शेतमजूर बायकांकडे तो मजकूर पोचत नाही.

विषय कसा लिहिता यावर सभेचं बरंच काही ठरतं. 'पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करणे' हा विषय वाचून कुणीही घरातून निघणार नाही. 'वरच्या आळीला सध्या तीन दिवसांनी पाणी मिळते, ते दिवसाआड करण्यासाठी वेळापत्रक बदलणे' असं लिहिलं तर वरची आळी येते आणि आपलं पाणी कमी होईल या धास्तीने खालची आळीही येते. दोन्ही आळ्या आल्या, म्हणजे निर्णय खऱ्या माणसांसमोर होणार. वाद होईल याची भीती नको. वाद त्या सभेत झाला तर तो नंतर पाण्याच्या टाकीपाशी होत नाही.

वरून येणाऱ्या परिपत्रकांमुळे विषयांची यादी लांबते, हे खरं आहे. अमुक योजनेची माहिती देणे, तमुक अभियानाचं वाचन करणे, असे दहा-बारा विषय सक्तीचे येतात. ते टाळता येत नाहीत, पण त्यांचा क्रम आपल्या हातात असतो. मागच्या ठरावांचा तक्ता, मग गावाचे स्वतःचे तीन-चार विषय, मग परिपत्रकं. योजनांची माहिती एका पानावर छापून वाटली तर वाचनाचा अर्धा तास वाचतो. 'आयत्या वेळचे विषय' या नावाखाली काय घ्यायचं याला गावाने स्वतःच कुंपण घालावं. पैसा, जागा, अतिक्रमण, लाभार्थी निवड, रस्त्याला किंवा सभागृहाला नाव देणं, यातला कुठलाही विषय आयत्या वेळी घेऊ नये. ज्याला त्या विषयावर बोलायचं होतं तो माणूस नोटिशीत विषय नाही म्हणून घरी राहिलेला असतो.

आता महिला सभेकडे येऊ, कारण इथं सर्वाधिक फसवणूक होते आणि इथंच सर्वाधिक मिळवण्यासारखंही आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ती मुख्य सभेआधी अर्धा तास, कागदावरच होते. ती खरी घ्यायची तर आदल्या दिवशी दुपारी, अंगणवाडीत घ्या. बोलावणं आशाताईंनी आणि बचत गटाच्या अध्यक्षांनी करावं, कारण त्यांना कुठल्या घरातली बाई कशी येऊ शकते हे माहीत असतं. तिथं पुरुष कर्मचारी असलाच तर टिपण काढण्यापुरता असावा. त्या सभेत जे ठरेल ते दुसऱ्या दिवशी मुख्य सभेच्या सुरुवातीच्या विषयांत आलं पाहिजे आणि ते मांडायला त्या सभेतलीच एखादी बाई माईकपाशी उभी राहिली पाहिजे. एकदा कागदावरून वाचलं की पुढच्या खेपेला ती कागदाशिवाय बोलते.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा २०११पासून राखीव आहेत. त्यामुळे सभेचं अध्यक्षपद असंख्य गावांत बाईकडे आहे. तरीही शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा, दीर किंवा मुलगा बसतो आणि बोलतो तोच. हे बंद झालं पाहिजे आणि ते बंद करण्याची जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सभेच्या आदल्या दिवशी तासभर सरपंचताईंसोबत बसावं, एकेक विषय समजावून सांगावा, आकडे एका पानावर लिहून द्यावेत, कोण काय विचारू शकतं याची उजळणी करावी. पहिल्यांदा निवडून आलेल्या पुरुष सरपंचालाही हेच लागतं, फक्त त्याच्या अडखळण्यावर कुणी शेरे मारत नाही. सभेच्या मंचावर पदाधिकारी आणि कर्मचारी सोडून कुणाची खुर्ची नको, हा नियम सगळ्यांना सारखा लावला की कुणा एकाच्या घरावर बोट ठेवावं लागत नाही.

गणपूर्तीचा नियम सोपा आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. चारशे मतदारांच्या गावाला साठ जण लागतात, तीन हजार मतदारांच्या गावाला शंभर पुरतात. कोरम झाला नाही तर सभा तहकूब करावी लागते आणि तेच विषय घेऊन भरलेल्या तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही. ही सवलत अडचणीसाठी आहे. पहिली सभा न भरणं हाच शिरस्ता झाला, तर शंभर जणांच्या जागी वीस जण गावाचा निर्णय करू लागतात. हजेरीची वही सभेनंतर घरोघर फिरवणं तर सरळ खोटेपणा आहे. कुणी तक्रार केली की चौकशीत पहिली वही मागितली जाते आणि सभेला नसलेल्या माणसाची सही निघाली की त्या ठरावावर मंजूर झालेलं चांगलं कामही अडकतं. वही सभेच्या दारात ठेवा, सही आत येतानाच घ्या.

प्रत्यक्ष सभा चालवताना अध्यक्षाने स्वतः कमी बोलावं. प्रत्येक प्रश्नाला सरपंचानेच उत्तर द्यायचं असं ठरलं की सभा म्हणजे सरपंचाची उलटतपासणी होते. विजेचं महावितरणच्या माणसाने सांगावं, शाळेचं मुख्याध्यापकांनी, दवाखान्याचं आरोग्य सेविकेने, जमिनीच्या नोंदींचं तलाठ्याने. यांना ऐनवेळी फोन करून कुणी येत नाही. आठवडाभर आधी लेखी पत्र द्या, सोबत तुमचे प्रश्न जोडा आणि पोच घ्या. पत्र देऊनही कुणी आलं नाही, तर त्यांची गैरहजेरी इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत त्यांच्या वरिष्ठांकडे धाडा.

बोलण्याला वेळ बांधून द्या, एका माणसाला एका विषयावर तीन मिनिटं. एकदा बोललेल्याला दुसरी संधी देण्याआधी अजून कुणी न बोललेला माणूस आहे का, हे विचारा आणि विचारल्यावर खरोखर थांबा. गप्प बसलेल्या माणसाला उठायला थोडा वेळ लागतो. भावकीतला वाद, बांधाचं भांडण, कुणाच्या वैयक्तिक वागणुकीची चर्चा सभेत आली तर अध्यक्षाने शांतपणे सांगावं की याची जागा तंटामुक्त समिती किंवा तहसील आहे, आणि पुढच्या विषयावर जावं. पण रस्त्याच्या कामात माती वापरली, बिल मात्र खडीचं निघालं, असा आरोप झाला तर तो वैयक्तिक म्हणून झटकू नका. तो सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे. मोजमाप पुस्तिका मागवा, तारीख देऊन पाहणी ठरवा, पाहणीला आरोप करणाऱ्यालाही बोलवा.

पैशाची माहिती देताना लाखांच्या बेरजा वाचू नका. किती आले, कशासाठी आले, कुठल्या कामावर किती गेले, किती उरले, असं कामागणिक सांगा. गावकरी पेव्हर ब्लॉक मागतात, सदस्य देतो म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही, यामागे बरेचदा निधीच्या अटी असतात आणि त्या लोकांना कुणी सांगितलेल्या नसतात. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, गावाच्या मर्जीने खर्चायला उरत ४० टक्के. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. हे आकडे फळ्यावर लिहा. दिव्यांगांचे पाच टक्के गेल्या वर्षी कशावर गेले, असा प्रश्न सभेत कुणी विचारला तर समजा की सभा सुधारू लागली.

आकडे समोर असले की गाव किती अवघड निर्णय घेऊ शकतं, याचं उदाहरण नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तिथं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पडली. यंदा पाऊस किती झाला, पिण्यासाठी किती पाणी राखायचं आणि उरलेल्यात रब्बीला, उन्हाळ्याला कुठली पिकं घ्यायची, हे गाव बसून ठरवतं. शेतकऱ्याला त्याच्या शेतात काय लावू नकोस हे सांगणं सोपं नाही. पाऊस आणि विहिरी सगळ्यांनी मिळून मोजलेल्या असल्या तरच ते सांगता येतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव आणखी पुढं गेलं. तिथं निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि मधल्या काळात त्यावर बोलणं चालू राहतं. सभेइतकाच महत्त्वाचा तिथला अभ्यास गट. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, सरकारी कागदाचा अर्थ काय, हे गावकरी बाहेरच्या जाणकारांना बोलावून समजून घेतात आणि मग ते ज्ञान ग्रामसभेत येतं. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार त्याच्या ग्रामसभेच्या हाती आला, तो या सवयीच्या बळावर. तीन हजार मतदारांच्या गावात सर्वसहमती कठीण आहे, हे मी मान्य करते. अभ्यास गट मात्र कुठल्याही गावाला काढता येतो. निवृत्त शिक्षक, कॉलेजात जाणारी दोन मुलं-मुली, बचत गटाची हिशेबनीस, एखादा गवंडी यांनी महिन्यातून एकदा बसून पुढच्या सभेतला एक विषय नीट वाचला, तरी सभेतलं बोलणं बदलतं.

घरकुलासारख्या लाभाच्या याद्या मंजूर करताना संपूर्ण यादी नावानिशी वाचा. प्रत्येक नाव कुठल्या निकषावर आलं हे सांगा, आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत नोंदवा आणि वगळलेल्यांना अर्ज कुणाकडे करायचा ते तिथंच सांगा. 'यादी सर्वानुमते मंजूर' ही एक ओळ लिहून उठलेल्या सभेनंतर गावात वर्षानुवर्षं अबोला राहतो.

ठराव तिथंच, सभेसमोर लिहिला गेला पाहिजे. काय करायचं, कुठं करायचं, कुठल्या निधीतून, कुणी आणि कधीपर्यंत, या पाचांची उत्तरं ठरावात असली तरच त्याला पुढं हलवता येतं. सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव, विरोध असेल तर तोही, आणि मत घेतलं असेल तर बाजूने किती, विरोधात किती हात वर झाले ते लिहा. मग ठराव मोठ्याने वाचा. लोकांनी हो म्हटल्यावर पुढचा विषय. शेवटच्या ठरावाखाली रेघ मारा, कोरी जागा सोडू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्यात मंगळसूत्र तोडणं, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशी कुठली प्रथा थांबवायची ते स्पष्ट होतं. 'महिलांचा सन्मान राखण्यात यावा' एवढंच लिहिलं असतं तर तो कागद गावाबाहेर गेला नसता. त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसं आवाहन केलं.

ग्रामपंचायतीची मासिक सभा ही ग्रामसभेची हमालीण आहे असं मी मानते. ग्रामसभेत ठरलेलं ओझं तिलाच उचलायचं असतं. तिला तीन दिवसांची नोटीस आणि निम्म्या सदस्यांचा कोरम लागतो. २०२२पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जाऊ लागला, त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असं पुष्कळ गावांत होतं. अशा ठिकाणी मंजुरीला येणारी बिलं आणि अंदाजपत्रकं सदस्यांना नोटिशीसोबतच बघायला मिळाली पाहिजेत. सभेत पहिल्यांदाच कागद पाहिला की सदस्य संशयाने नकार देतो, आणि त्याचा नकार चुकीचा म्हणता येत नाही. मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर 'ग्रामसभेच्या ठरावांची प्रगती' हा विषय कायमचा ठेवा आणि तो तक्ता दर महिन्याला पुढं भरत जा.

ग्रामसभा संपल्यावर पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ठरावांप्रमाणे निघायची सगळी पत्रं काढावीत आणि जावक क्रमांक तक्त्यात टाकावेत. ठरावांची नक्कल फलकावर लावा, मागेल त्याला द्या. ज्या बाईने, ज्या माणसाने सभेत प्रश्न मांडला होता, त्याला शिपायाकरवी निरोप पाठवा, की तुमचं पत्र अमुक तारखेला तालुक्याला गेलं, पुढच्या महिन्याच्या सभेत त्याची चौकशी होईल, त्या दिवशी येऊन बसा.